माणशी पाच हजार चौरस फूट

फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टाचा भाव पाडता पाडता रस्त्यापलीकडे नजर गेली, की बॉम्बे जिमखान्याचं मैदान दिसतं. 1933 साली भारतातली पहिली क्रिकेट कसोटी इथे झाली, म्हणून ते बहुतेकांना ठाऊक. पावसाळ्यात मात्र तिथे चिखलात रग्बी चालतं, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. पंधरा-पंधरा जणांचं रग्बी लांबून गर्दीच्या लोकलच्या दारासारखं दिसतं, ते मुंबईकराने पुन्हा काय बघायचं? सात जणांचं रग्बी, म्हणजे सेव्हन्स, ही मात्र वेगळी चीज आहे. तिथे खेळाडू कमी आणि जागा उदंड.

हिशेबच बघा. मैदान 100 मीटर लांब, 70 मीटरपर्यंत रुंद. पंधरांच्या खेळाला असतं तेच. चौदा माणसांत वाटलं तर माणशी 500 चौरस मीटर, म्हणजे 5,380 चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या तीनशे फुटांच्या जवळपास 18 खोल्या, एकट्याच्या वाट्याला! आपल्या कबड्डीतही सातास सात. पण तिचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे माणशी 100 चौरस फूट. चाळीतली खोलीसुद्धा याहून मोठी निघेल. कबड्डीत आपण जागा नाही म्हणून सापडतो. सेव्हन्समध्ये जागा आहे म्हणून मरतो, कारण ती राखायची कुणी, हा प्रश्न सतत पायात येतो.

आणि वेळ तरी किती? सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दादरहून निघालेली धीमी लोकल घाटकोपरला टेकते न टेकते, तोवर सामना संपलेला असतो. पण दिवसात दोन-तीन सामने खेळायचे असतात, त्यामुळे पहिल्यात पायातला जोर उधळला तर संध्याकाळी मांड्या धरून येतात. बदली खेळाडू फक्त पाच.

हा प्रकार जन्मला स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावात, 1883 साली, नेड हेग नावाच्या खाटकाच्या डोक्यातून. पण त्याचं खरं सोनं केलं ते फिजीने. पालिकेच्या मालाडच्या पी उत्तर वॉर्डात 2011च्या जनगणनेत जेवढी माणसं मोजली गेली, साधारण तेवढी अख्ख्या फिजी देशाची वस्ती. असं समजा, की एका मालाडने सगळ्या जगाला पळवून पळवून दमवलं. 2016च्या रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात त्यांनी ग्रेट ब्रिटनला 43-7 असं हरवलं. मध्यंतरालाच 29-0 झाले होते. कुठल्याही खेळातलं फिजीचं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. देशाने पुढच्या वर्षी चक्क सात डॉलरची नोट काढली, एका बाजूला कर्णधार ओसिया कोलिनिसाऊ, दुसऱ्या बाजूला संघ आणि प्रशिक्षक बेन रायन. सात रुपयांची नोट आपल्याकडे निघाली असती, तर रिक्षावाल्याने सुट्ट्यांवरून काय केलं असतं, ही कल्पनाच करवत नाही.

फिजीचं वेगळेपण एका हातात आहे, अगदी शब्दशः. रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. बाजूला किंवा मागेच द्यायचा. पकडून पाडलेल्याने चेंडू ताबडतोब सोडायचा. मग तो मिळवायला दोन्हीकडचे गडी त्याच्यावर ओणवे होतात. पंधरांच्या खेळात तिथे चार माणसं गेली तरी खपून जातं. सातांत दोन गुंतले आणि एक पडलेला, की उरले चार, आणि पुढे सत्तर मीटर रुंदी. फिजीचा खेळाडू ही वेळच येऊ देत नाही. तो पडता पडता, गुडघा जमिनीला टेकायच्या आत, चेंडू धरलेला हात पकडणाऱ्याच्या पाठीमागून बाहेर काढतो आणि धावत आलेल्या जोडीदाराला देतो. याला ऑफलोड म्हणतात. त्याला रोखायला एकाने कंबर आणि दुसऱ्याने हात धरायला हवा. दोघे एकावर खर्ची पडले, की पलीकडे एक गडी मोकळा सुटलाच.

हे दिसतं तितकं सोपं नाही. जोडीदार पकडीच्या रेषेत आला तर पास पुढे जातो, फार मागे राहिला तर चेंडू जमिनीवर. त्याने दोन पावलं मागून, पकडणाऱ्याच्या आंधळ्या बाजूने यायचं असतं. हातातून चेंडू पुढे निसटला की स्क्रम, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी, आणि चेंडू त्यात टाकायचा प्रतिस्पर्ध्याने. स्क्रममध्ये तिघेच असल्यामुळे चेंडू झटकन बाहेर येतो आणि मग पुढचं मिनिटभर नुसतं पाठलाग करणं नशिबी येतं. चौदातलं एक मिनिट! ओल्या चेंडूने फिजी घसरतं म्हणतात ते यामुळेच. ज्यावर सगळा खेळ उभा, तोच हात सुटतो.

बचावाचं गणितही सोसायटीच्या वॉचमनला समजेल असं आहे. सहा जण ओळीत, एक मागे. सत्तर मीटर सहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या पदरी 12 मीटरला थोडी कमी. एवढं दार एकट्याने अडवता येत नाही, म्हणून सगळी ओळ मिळून सरकते आणि समोरच्याला टचलाईनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे, ढकलत नेते. ती रेषा म्हणजे फुकटचा आठवा बचावपटू. आट्यापाट्यांत पाटी धरून आडवं सरकणारा ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं शिकवावं लागू नये. घात होतो तो उत्साही माणसामुळे: एकटाच ओळ सोडून पुढे झेपावतो आणि त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही अंगाला फटी पडतात. त्यात पिवळं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं बाहेर, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा सहा जणांनी काढायचा.

पंधरांच्या खेळात गुण गमावलेला संघ चेंडू मारून सुरुवात करतो. सेव्हन्समध्ये उलटं, ज्याने गुण केले त्यानेच मारायचा, म्हणजे न्यायाने चेंडू दुसऱ्याकडे जावा. तो तसा जाऊ न देणं ही कला. किक उंच हवी, 10 मीटरची रेषा जेमतेम ओलांडणारी आणि टचलाईनच्या जवळ, इतका वेळ हवेत राहणारी की आपला उंच गडी खाली पोचून ती मागे थोपटू शकेल. दहा मीटर गेली नाही किंवा थेट बाहेर पडली, तर प्रतिस्पर्ध्याला मधोमध फ्री किक. ट्रायचे, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्याचे, पाच गुण झाले की कन्व्हर्जनचे दोन मिळवायला, चेंडू टेकवला त्याच्या समोरून, खांबांमधून टप्पा पाडून किक मारावी लागते, तीही तीस सेकंदांत. कबड्डीची चढाई असते तेवढ्यात. म्हणून ट्रायची रेषा ओलांडल्यावरही खेळाडू लगेच चेंडू टेकवत नाही, वळसा घालून खांबांच्या मधोमध जातो. कोपऱ्यातून ती किक म्हणजे लॉटरी. कधी कधी मात्र वळसा घालताना मागून कुणीतरी येऊन चेंडू पाडतं, आणि सातही गेले, पाचही गेले.

फिजीच्या कामगिरीवर परत येऊ, कारण तिच्यात एक मजेशीर भोक आहे. विश्वचषक त्यांनी 1997, 2005 आणि 2022 असा तीनदा जिंकला. टोकियोत न्यूझीलंडला 27-12 हरवून दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. फिजीच्या महिलांनीही तिथे कांस्य मिळवलं. पण राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांना सुवर्ण एकदाही नाही. 1998, 2002, 2018, 2022, चारही वेळा रौप्य, 2006ला कांस्य. मधली 2010ची स्पर्धा देशाच्या निलंबनात गेली, आणि त्याच निलंबनापायी 2014लाही सेव्हन्सचा संघ उतरला नाही. 2018च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने त्यांना 14-0 असं कोरडं ठेवलं. ज्यांच्याकडून गुणांचा पाऊस पडायचा त्यांच्या नावावर भोपळा! चेंडूच हाती लागू दिला नाही तर ऑफलोड करणार कशाचा?

ऑलिम्पिकमध्ये सलग 17 सामने जिंकून ते पॅरिसच्या अंतिम सामन्यात उतरले. मध्यंतराला 7-7. मग फ्रान्सने आन्त्वान द्युपाँला मैदानात सोडलं. पंधरांच्या खेळातला हा दिग्गज टचलाईनच्या कडेने फिजीचीच युक्ती फिजीवर वापरत सुटला, आणि शेवट 28-7.

आपला भारत या चित्रात कोपऱ्यात आहे, पण आहे. पुरुष 2010ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळले, महिलांनी 2022ला जकार्तात आशियाई ट्रॉफीचं रौप्य आणलं. जून 2025मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची सेव्हन्स लीग झाली, चार-चार मिनिटांच्या चार तुकड्यांची. देशोदेशीचे नावाजलेले खेळाडू वीरा देसाई रोडच्या ट्रॅफिकमधून कसे वेळेवर पोचले, हे कौतुक वेगळंच.

रग्बीला गडी हवे असले की सगळ्यांची नजर कबड्डीकडे वळते, आणि ते बरोबरच आहे. चढाईतली हुलकावणी, पट काढणं, साखळीतला समन्वय हे सगळं तयार मिळतं. नडते ती पकड. कबड्डीत धरलं की सोडायचं नाही, समोरच्याचा दम संपेपर्यंत लोंबकळायचं. रग्बीत पाडलं की त्याच क्षणी सोडून बाजूला लोळायचं, नाहीतर पेनल्टी. उचलून पाय वर करून आपटलं तर थेट लाल कार्ड. वर्षानुवर्षं मुरलेले हात मात्र ऐकत नाहीत. शिट्टी वाजते, समोरचा चेंडू पायाला लावून धावतही सुटतो, आणि आपला गडी पंचांकडे हात पसरून पकड कशी पक्की होती ते सांगत उभा असतो.