घंगाळ, पैठणी आणि बदलती नजर

वस्तू जुनी होते ती झिजल्यामुळेच, असे नाही. पुष्कळदा ती आहे तशीच राहते आणि आपली नजर मात्र फिरते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या आमच्या नाशिकमध्ये हे फार जवळून पाहायला मिळाले. स्टील आले तेव्हा पितळी भांडी मागे पडण्याला सबळ कारण होते. पितळेला वरचेवर कल्हई लावावी लागे, कल्हई उडाली की ताक-आमटी कळके आणि घासायला चिंच लागे ती वेगळीच. या सोयीचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे. पण पाहुणे यायच्या आधी पितळेचे घंगाळ माळ्यावर ढकलण्याची जी घाई आमच्या घरात होत असे, तिचा कल्हईशी काही संबंध नव्हता. आपले घर मागासलेले दिसू नये, एवढीच ती धडपड होती.

पुढे बहुतेक भांडी मोडीत गेली. घंगाळ राहिले, कारण त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचे नाव घातलेले होते, आणि ते नाव वजनावर विकायला आई तयार होईना. आज गंगापूर रोडवरच्या हॉटेलांत आणि लग्नाच्या हॉलच्या दारात अशाच घंगाळांत पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या सोडलेल्या दिसतात, आणि ज्यांनी आपली भांडी मोडीत घातली तेच लोक नवी घंगाळी चढ्या भावाने विकत आणतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1904 मध्ये फॅशनवर लिहिताना म्हटले होते की माणसाला चारचौघांसारखे व्हायचे असते आणि त्याच वेळी चारचौघांत उठूनही दिसायचे असते. फॅशन या दोन्ही इच्छा एकदम पुरवते, आणि सगळ्यांनी ती उचलली की तिचे वेगळेपण संपते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 मध्ये दाखवलेली गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते: एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली, तर केवळ त्या परिचयानेही ती आवडू लागते. दिवसभर मोबाईलवर एकाच धाटणीचे कपडे आणि एकाच धाटणीच्या बैठकीच्या खोल्या पाहणाऱ्या माणसाने ‘ही माझी आवड’ असे म्हणावे, तेव्हा त्यातली त्याची स्वतःची किती, हे त्यालाही सांगता येणार नाही.

ट्रेंड वस्तूवर दोनदा अन्याय करतो, असे माझे मत झाले आहे. पहिल्यांदा तो तिची लाज वाटायला लावतो, याबद्दल सगळेच बोलतात. दुसरा अन्याय वस्तू पुन्हा चलनात आल्यावर होतो. आईची येवल्याची पैठणी, नारळी काठाची आणि पदरावर मोर असलेली, मी वर्षानुवर्षे कार्यप्रसंगी नेसत आले आहे. अलीकडे एका लग्नात कोणीतरी कौतुकाने म्हणाले, “वा, एकदम ट्रेंडमध्ये आहेस हं!” बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, तरी मला ते लागले. जी साडी माझ्या आईची म्हणून मी नेसत होते, ती त्या एका वाक्याने सीझनची झाली. खणाचेही तेच झाले. चोळीसाठी विणले जाणारे ते कापड साड्या, पर्सा, अगदी फायलींच्या कव्हरांपर्यंत पोचले, आणि खणाची हौस आधीपासून असलेल्या बायकांना आता ‘आमची जुनीच आहे’ असा खुलासा करावा लागतो. (हा खुलासा करताना आपणही उठून दिसण्याचीच खटपट करत असतो, हे झिमेलसाहेबांनी लगेच ओळखले असते.)

तरीही ट्रेंडला सरसकट नावे ठेवणे मला जमत नाही. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण निव्वळ मानांकनाने माग चालत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते, आणि हौसेची लाट ते आणून देते. तीच लाट यंत्रमागावरच्या नकलाही आणते, आणि लग्नसराईत दुकानांत दोन्ही शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. म्हणून भाचीला साडी घ्यायला जाऊ तेव्हा कोणता रंग सध्या चालतो ते दुकानदाराला विचारायचे नाही, पदर उलटून मागची वीण तेवढी पाहायची, असे मी तिला सांगितले आहे. तिने अर्थातच आधीच मोबाईलवर एक रंग निवडून ठेवला आहे.