अर्धवट प्रकरण घेऊन परिषदेला गेले तेव्हा

प्रबंधाचं तिसरं प्रकरण अर्धवट असतानाच ते परिषदेला पाठव, असं गाइड मॅडमनी सांगितलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. "पुरं झालं की तू कुणाचं ऐकणार नाहीस," एवढंच त्या म्हणाल्या. मी तासिका तत्त्वावर शिकवते, मार्चमध्ये पेपर तपासणी असते, आणि कच्चं लिखाण चारचौघांत दाखवायची लाजही वाटत होती.

त्याआधी मी दोन परिषदांमध्ये निबंध वाचले होते, दोन्ही प्रमाणपत्रासाठी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी असे दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं; २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. एका सत्रात बाराजण, प्रत्येकाला सात मिनिटं, पाचव्या मिनिटाला अध्यक्षांची चिठ्ठी, मग फोल्डर, फोटो आणि जेवण. तिथे मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारला नाही.

पुण्यातल्या या परिषदेत 'चालू संशोधन' असं वेगळं सत्र होतं. निबंध फक्त तीन. बारा पानं तीन आठवडे आधी पाठवायची, बोलायला दहा मिनिटं, चर्चेला अर्धा तास, आणि प्रत्येक निबंधाला एक भाष्यकार.

माझा विषय सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या बायकांच्या आठवणींचा. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गेल्या. या कामांमुळे पहिल्यांदाच मजुरी बाईच्या स्वतःच्या हातात आली, असा माझा मुद्दा. मुलाखती भरभरून होत्या. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव, झाडाला बांधलेली झोळी, मुकादमाचं ओरडणं, सगळं होतं. पण एक गोष्ट मला आतून टोचत होती. काही बायका ज्या कामाचं वर्णन करत होत्या, ते बहात्तरचं वाटत नव्हतं. दुष्काळी कामं संपली तरी रोजगार हमीची कामं पुढे चालूच राहिली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कागदावर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण उन्हात टोपली उचलणाऱ्या बाईला दोन्हीकडे तीच खडी, तोच तलाव, तेच हजेरीपत्रक. तिच्या लेखी सगळं 'दुष्काळी काम'च. ही अडचण मी बाराव्या पानावर, तळटीपेत, बारीक अक्षरात टाकून दिली होती.

भाष्यकार सरांनी पहिल्या अकरा पानांवर दोन वाक्यं बोलली आणि थेट तळटीप उघडली. "इथे तुमचं प्रकरण आहे आणि तुम्ही ते जिन्याखाली ठेवलंय." लोक हसले, मीही हसले. कान मात्र तापले होते.

मग हात वर झाले. एका गृहस्थांनी आधीच सांगितलं, "प्रश्न नाही, टिप्पणी आहे," आणि आपल्या वडिलांच्या विहिरीची गोष्ट सुरू केली. त्यात सहा मिनिटं गेली. एका मॅडमनी सैद्धांतिक चौकट कुठे आहे ते विचारलं. एकाने विदर्भही घ्या म्हणून सुचवलं. विदर्भ! माझ्याकडे माणमधली चार गावं पुरी व्हायची होती.

कामाचा प्रश्न आला शेवटच्या रांगेतून. माझ्यासारखीच पीएचडी करणारी एक मुलगी, विषय भूगोल. "ताई, मुलाखतीचा पहिला प्रश्न काय विचारता?" मी सांगितलं, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कोणत्या कामावर होतात?" ती म्हणाली, "मग त्या बहात्तरच सांगणार ना. साल तर तुम्हीच दिलंय."

उत्तर नव्हतं. मी "बरोबर आहे" म्हटलं आणि पाणी प्यायले.

एक शहाणपणा मात्र मी केला होता. बाजूला बसलेल्या मैत्रिणीला सगळे प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितलं होतं. उत्तर देताना आपण फक्त स्वतःचा बचाव ऐकत असतो. चार दिवसांनी वही उघडली, तर मला टोचून बोलल्यासारखी वाटलेली दोन वाक्यं अगदी साधी निघाली, आणि कौतुक म्हणून लक्षात राहिलेलं एक वाक्य कौतुक नव्हतंच.

चहाच्या वेळी त्या भूगोलवालीला गाठलं. तिच्याकडे तोडगा होता. बायका सालं सांगत नाहीत, पोरांवरून सांगतात. तेव्हा पोरांच्या जन्मावरून काळ लावायचा. मी लगेच शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा विचार केला, आणि दोघींनाही एकदमच हसू आलं. गावाकडे निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, गुरुजींच्या सोयीची. तारीख सोडाच, साल तरी खरं असेल कशावरून? शेवटी ठरलं की दाखल्यावर विसंबायचं नाही, घरातल्या पोरांचा क्रम धरायचा, आणि तो तलावांच्या सरकारी नोंदींशी ताडून बघायचा.

मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "मग आता मुलाखती परत?" हो, परत. सगळ्या नाही, ज्यांच्याबद्दल शंका होती तेवढ्याच. प्रकरणाचा मुद्दा टिकेल की नाही तेही तेव्हा ठाऊक नव्हतं. मजुरी हातात येण्याची गोष्ट बहात्तरची नसून सहा-सात वर्षांनंतरची निघाली, तर अर्धी पानं जाणार होती.

मे महिन्यात पुन्हा माणला गेले. पहिल्याच घरी, साल अजिबात न उच्चारता, मी आजींना म्हटलं, "सरकारी कामावर गेला होतात, त्याबद्दल सांगा ना."

आजींनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "कुठलं काम गं? थोरला झोळीत हुता ते, का थोरला साळंत घातला ते?"


मी रेकॉर्डर चालू केला.