पाचवं कलम

नोटरीच्या टेबलाशी माणूस घाईतच येतो. भाडेकरार, नावातली दुरुस्ती, हरवलेल्या गुणपत्रिकेचं प्रतिज्ञापत्र. सही करतो, पैसे देतो, चालू लागतो. सांगलीत बावीस वर्षं मी हेच करतोय. म्हणून गेल्या श्रावणात मास्तर आले आणि खुर्चीत टेकून "आधी पाणी द्या, वेळ लागणार आहे" म्हणाले, तेव्हाच मी पेनाला टोपण लावलं.

मास्तर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, वय एक्याऐंशी, उजव्या हाताला कंप. सोबत मुलगा. साक्षीला दोघं : बालमित्र अण्णा, वारणाकाठचे जैन शेतकरी, आणि शेजारच्या सिस्टर, मिशनच्या दवाखान्यात उभी हयात काढलेल्या.

कागद होता लिव्हिंग विलचा. मरणाच्या दारात असताना कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टानं याला ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. त्या खटाटोपात कोण पडणार? जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानंच ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तेव्हापासून हे काम आमच्याकडे येऊ शकतं. माझ्याकडे मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

पहिली चार कलमं चोख. व्हेंटिलेटर नको, नळीनं अन्न नको, डायलिसिस नको, दुखणं कमी करणारी औषधं मात्र द्यावीत. पाचवं असं : "वेदना असह्य होऊन मी शुद्धीत मागणी केल्यास डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन माझे जीवन संपवावे."

"मास्तर, हे चालणार नाही."

"का?"

"इंजेक्शन देणारा डॉक्टर आत जाईल. मरणाऱ्याची संमती असली तरी तो सदोष मनुष्यवधच. कायदा तुम्हाला उपचार नाकारू देतो, मरण मागू देत नाही."

"नेदरलँड्समध्ये २००२ पासून देतात."

"तिथला नोटरी गाठा मग," मी म्हणालो. बोललो आणि चुकलंच.

मास्तर अण्णांकडे वळले. "याच्या आईनं सल्लेखना घेतली. आधी अन्न सोडलं, मग दूध, शेवटी पाणी. गाव पाया पडायला लोटलं होतं, मीही गेलो होतो. २०१५ साली राजस्थान हायकोर्टानं त्याला आत्महत्या ठरवलं, तर देशभर मूक मोर्चे निघाले आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. याच्या आईला जे धर्मानं मिळालं, ते मला देव मानत नाही म्हणून मिळायचं नाही?"

अण्णा बराच वेळ टोपीची घडी उलगडत, घालत राहिले. मग म्हणाले, "आईनं मरण मागितलं न्हवतं रं. देह सुटायला लागला हुता, तिनं धरून ठेवलं न्हाई, एवढंच. शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला तेच केलं. सुई म्हंजे घात. कुणाच्या तरी हातनं हुणार. त्या डॉक्टराचं काय?"

हा 'कुणाच्या तरी हातनं' माझ्या मनात अजून बसलाय. पण मास्तरांचा प्रश्नही तेवढाच बसलाय.

सिस्टर एवढा वेळ गप्प होत्या. "माझी सही एक ते चारला. पाचला नाही." साक्षीदार सहीचा असतो, मजकुराचा नव्हे, हे मी दिवसातून दहादा सांगतो, त्यांना सांगवेना. त्या पुढं बोलल्या, "जीव देवानं दिला, घेणार तोच. पण त्याला नळ्यांनी बांधून ठेवा, असंही देवानं सांगितलेलं नाही. आमच्या मुंबईच्या केईएमच्या पोरींनी त्यांच्यातल्याच नर्सला, हल्ल्यानंतर भान हरपलेल्या अरुणा शानबागला, चार दशकं सांभाळलं. २०११ ला कोर्टात अर्ज होता तिला जाऊ द्या म्हणून, तर त्या म्हणाल्या, आम्ही आहोत. मास्तर, तुम्हाला दुखेल तेव्हा मी आहे. मॉर्फिन आहे."

"आणि तुम्ही माझ्या आधी गेलात तर?" मास्तरांनी विचारलं. सिस्टर हसल्या, पण उत्तर दिलं नाही.

दस्त राजीखुशीनं होतोय याची खात्री मलाही नोंदवायची असते, म्हणून मुलाला बाहेर पाठवलं. मास्तर स्पष्ट बोलले. पोरावर ओझं नको, हे कारण नाही. आपला शेवट आपल्याला कळावा, एवढंच. मला माझे वडील आठवले. एका खासगी रुग्णालयात एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर. एकोणिसाव्या दिवशीही बिलाच्या खिडकीवर विचारलं गेलं, "पुढचं डिपॉझिट कधी भरताय?" असा कागद आमच्याकडे असता तर उपचार थांबवायचे का हे ठरवायला डॉक्टरांची दोन मंडळं बसली असती आणि निदान चर्चा झाली असती.

मुलगा आत आला. निर्णयासाठी त्याचंच नाव होतं. "आप्पा, मी कुणाला सांगू बंद करा म्हणून?"

"तू सांगायचं नाहीस. मी सांगितलंय. तू फक्त कागद दाखवायचा."

त्यानं सही केली. तारीख मात्र चुकीची घातली, ती दुरुस्त करावी लागली.

राहिलं पाचवं कलम. म्हटलं, पान नव्यानं टाइप करून आणा. मास्तर म्हणाले, "नको. खोडा. पण एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे."

तसं चालतं. बाजूला आद्याक्षरं लागतात. मी पट्टी ठेवून रेघ मारली. पंख्यानं पान उडत होतं, ते अण्णांनी दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. मास्तरांची आद्याक्षरं तीन, त्यातलं मधलं समासाबाहेर गेलं. सिस्टरनी पुढं वाकून खोडलेली ओळ पुन्हा एकदा वाचली आणि शेवटच्या पानावर सही केली. मी शिक्का उमटवला आणि रजिस्टर ओढलं. दस्ताच्या प्रकारात काय लिहायचं, हे पाहायला त्या दिवसाची वरची पानं चाळली. सगळे भाडेकरार.