जेम्स बेच्या काठी, क्री कुटुंबांच्या सहवासात

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातले मातागामी हे खाणकामावर वसलेले छोटे गाव मागे पडले की उत्तरेकडे जाणारा बिली डायमंड महामार्ग सुरू होतो. तेथून रॅडिसनपर्यंत ६२० किलोमीटर रस्ता आहे आणि वाटेत इंधन व जेवण मिळण्याचे एकच ठिकाण आहे, ते ३८१व्या किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची बुटकी झाडे, मधूनच वणव्यात जळून काळे पडलेले पट्टे, आणि २५७व्या किलोमीटरवर रूपर्ट नदीचा खळाळता प्रवाह. या रस्त्याला आज ज्यांचे नाव आहे, ते बिली डायमंड जेम्स बे या उपसागराच्या परिसरातील क्री या मूलनिवासी लोकांचे पहिले ग्रँड चीफ, म्हणजे सर्वोच्च नेते होते. हा रस्ता मात्र ज्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधला गेला, त्याच प्रकल्पाविरुद्ध त्यांना तरुणपणी लढावे लागले होते.

मी मॉन्ट्रियलमध्ये किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाचे काम करते. चिसासिबी या क्री गावात मुले आणि कुटुंबे यांना मानसिक आधार देण्याचे काम करणाऱ्या एका मैत्रिणीने जुलैमध्ये बोलावले, म्हणून हा प्रवास घडला. तिच्याबरोबर मी जी मुले पाहिली, त्यांच्यापैकी कोणाचीही कहाणी येथे लिहिणार नाही. ती त्यांची आहे आणि कोणाला सांगायची हे त्यांनीच ठरवायचे आहे. त्यांना आधार देण्याची रीत कशी आहे, तेवढेच सांगते, कारण ती पाहून माझ्या स्वतःच्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे.

चिसासिबी आज जेथे आहे, तेथे पूर्वी हे गाव नव्हते. ला ग्रांद नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज नावाचे बेट आहे आणि लोक तेथे राहत होते. क्युबेकचे तेव्हाचे सरकारप्रमुख रोबेर बुरासा यांनी १९७१ मध्ये जाहीर केलेल्या त्याच जलविद्युत प्रकल्पामुळे इतर नद्यांचे पाणी ला ग्रांदमध्ये वळवले गेले, प्रवाह कितीतरी वाढला, बेटाचे काठ खचतील अशी भीती निर्माण झाली, आणि १९८०-८१ च्या सुमारास सारे गाव मुख्य भूमीवर हलवण्यात आले. अनेक घरे तर उचलून तराफ्यांवरून पलीकडे नेली गेली. त्याच बेटावर अँग्लिकन आणि कॅथलिक अशा दोन चर्चसंस्थांच्या निवासी शाळाही होत्या. आईवडिलांपासून तोडून आणलेल्या मुलांना तेथे आपली भाषा बोलू दिली जात नसे. आज ज्या वयाचे आजी-आजोबा गावात आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे बालपण अशा शाळांमध्ये गेले. तीन पिढ्या एका खोलीत बसलेल्या असताना एखाद्या मुलाच्या अस्वस्थतेबद्दल बोलायचे, तर हा इतिहास त्या खोलीत आधीच येऊन बसलेला असतो. त्यामुळे केवळ मुलाला वेगळे बोलावून तासभर प्रश्न विचारणे येथे पुरेसे ठरत नाही.

म्हणून येथील काम रानातून सुरू होते. चिसासिबीत २०१२ पासून असा एक उपक्रम चालतो. त्याची मांडणी गावातीलच एका ज्येष्ठ जाणकाराने केली आहे. तरुणांना गावापासून दूर रानातल्या तळावर नेले जाते आणि तेथे ते जाणत्या माणसांबरोबर राहतात. सरपण फोडणे, पाणी आणणे, जाळी लावणे, सशांचे फास तपासणे, तंबूच्या जमिनीवर अंथरलेल्या स्प्रूसच्या डहाळ्या सुकल्या की नव्या पसरणे, ही रोजची कामे. बोलणे होते ते या कामांच्या ओघात. मैत्रिणीने मला समजावले, की सुरुवातीला मुलाने एकही शब्द न बोलता नुसती लाकडे फोडली तरी चालते. शेजारी बसलेला माणूस घाई करत नाही. माझ्या शिक्षणात शांततेकडे बहुतेक वेळा अडथळा म्हणून पाहायला शिकवले गेले होते. येथे शांतता हा कामाचाच भाग आहे, आणि मला वाटते तो सर्वांत अवघड भाग आहे.

दर जुलैमध्ये चिसासिबीची माणसे जुन्या बेटावर एकत्र जमतात. या मेळाव्याला मामोवीडो म्हणतात. नावेने पलीकडे उतरलो तेव्हा तंबू आणि उंच निमुळत्या मिचुआपांची, म्हणजे पारंपरिक क्री झोपड्यांची, रांग दिसली. एका मिचुआपात, मधल्या जाळावर, वसंतात शिकार करून साठवलेले रानहंस दोरीला टांगलेले होते. एक मुलगी मधून मधून दोरीला पीळ देई, पक्षी स्वतःभोवती सावकाश फिरत राही आणि खालच्या भांड्यात चरबी ठिबकत असे. तिच्या गूकमने, म्हणजे आजीने, मला शेजारी बसवून बॅनॉक ही जाड रोटी दिली. कोपऱ्यात दोन दोरांवर दुपट्याची घडी घालून केलेला पाळणा होता, अगदी आपल्याकडच्या झोळीसारखा, आणि घरातली जी व्यक्ती जवळून जाई ती त्याला एक झोका देऊन पुढे जाई. पूर्वी तान्ह्या बाळांना गुंडाळताना वाळवलेले शेवाळ वापरत, ते किती शोषून घेते आणि कोणत्या दलदलीतले चांगले, हे गूकम नातीला सांगत होत्या. मैत्रीण हळूच म्हणाली की तिच्या लेखी हेच कुटुंबसमुपदेशन आहे. अतिशयोक्ती वाटली नाही, कारण त्या तासाभरात नात आणि आजी यांच्यात जे घडत होते, ते निवासी शाळांनी एके काळी जाणूनबुजून तोडले होते.

मूल चालू लागले की त्याचा एक संस्कार होतो, त्याचीही माहिती येथेच मिळाली. तोवर मुलाचा पाय बाहेरच्या जमिनीला लागू देत नाहीत. ठरलेल्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी ते तंबूच्या दारातून पहिल्यांदा स्वतःच्या पावलांनी बाहेर पडते, ठरलेल्या झाडाला फेरी घालून परत येते आणि हातातली छोटी शिकार किंवा सरपण ज्येष्ठांना देते. पहिल्याच पावलात ते कुटुंबाला काहीतरी देणारे माणूस ठरते. ज्या किशोरवयीन मुलाला आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही असे वाटू लागले आहे, त्याच्यासमोर ज्येष्ठ मंडळी या दिवसाची आठवण काढतात, तेव्हा तिचे वजन मी मोजू शकत नाही.

हे सारे केवळ परंपरेवरील प्रेमामुळे टिकले असे मात्र म्हणता येणार नाही. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी मूलनिवासी लोक आणि सरकार यांच्यात झालेल्या जेम्स बे कराराने क्री लोकांना स्वतःचे शाळामंडळ दिले आणि त्यातूनच १९७८ मध्ये स्वतःचे आरोग्य व समाजसेवा मंडळ उभे राहिले. वर्षातला मोठा काळ रानात शिकारीवर राहणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाची हमी देणारी योजनाही याच करारातून आली. म्हणूनच वसंतात रानहंस येतात तेव्हा शाळांना सुट्टी मिळते, ज्येष्ठांचे ज्ञान आरोग्यसेवेत मानाने सामावले जाते आणि आजोबा नातवाला घेऊन कुटुंबाच्या शिकारक्षेत्रात जाऊ शकतात. बाहेरून येणारे तज्ज्ञ ‘सांस्कृतिक घटक’ जोडण्याची भाषा करतात, तेव्हा त्यांनी निर्णय आणि निधी कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारावे असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणी आहेतच. जलाशयांत बुडालेल्या वनस्पती आणि माती यांच्यामुळे माशांमध्ये पारा वाढला आणि वर्षानुवर्षे लोकांना आपल्याच नदीतले काही मासे बेताने खाण्याचा सल्ला पाळावा लागला. गावात घरे अपुरी आहेत. तळावरून शांत होऊन परतलेला तरुण पुन्हा दाटीवाटीच्या घरात येतो, जेथे त्याला स्वतःची खोली नसते. मैत्रिणीला सर्वांत जास्त काळजी या परतीच्या आठवड्यांची आहे. त्यामुळे ती आता एकट्या मुलाऐवजी आई, वडील, भावंडे आणि जमल्यास गूकम, अशा सर्वांनाच रानात नेण्याच्या प्रयत्नात आहे. शरद ऋतूत मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी शाळा पुन्हा बंद होतील, तेव्हा जाणाऱ्या कुटुंबांची यादी तिने माझ्यासमोरच पूर्ण केली. तंबू, चुली आणि नावेचे इंधन यांची सोय अजून व्हायची होती.