पायापुरता उजेड

"आते माले मना पाय दिसतस," केळीच्या सरीत उभे राहून आप्पा म्हणाले, आणि मला एकदम गलबलून आलं.

शिरपूरकडे आमच्या शेतात या आठवड्यात पंपाला रात्रीची लाईट आहे, म्हणून छोटा एलईडी हेडलॅम्प आणला. चार्जिंगच्या सेलवर चालतो. झोत लांबवर जायचा, पण मधोमध भगभगीत ठिपका आणि पायाशी काळोख. साप-विंचू तर पायाशीच असतात ना!

आज दुपारी डब्याच्या दुधी झाकणातून गोल तुकडा कापला, काचेच्या आत बसवला. झोत आखूड झाला, पण उजेड पसरला. ओली माती, ठिबकची नळी, चिखलातली चप्पल, सगळं दिसायला लागलं.

इतकी वर्षं आप्पा अंधारात कशाच्या भरवशावर पाऊल टाकत होते?