बडग्याला तोंड कोणाचं?

पटकथा १५८ पानांची होती. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा आम्हा सिनेमावाल्यांचा ढोबळ हिशेब. लेखक इतवारीतला पोरगा, पहिलंच लिखाण. धरमपेठेतल्या माझ्या खोलीत तो बाड मांडीवर घेऊन बसला होता, कोणी हिसकावून नेईल अशा बेताने.

गोष्ट बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, बांधणाऱ्या बापाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघते, तिच्यासोबत महागाई, भ्रष्टाचार असल्या नकोशा गोष्टींचे बडगे निघतात आणि शेवटी सगळं जाळतात, हे नागपूरकराला सांगायला नको. तर या बापाकडे ज्या सावकाराचं देणं आहे, नेमका त्याचाच बडगा बांधायचं काम येतं. फर्मास! पण हे येतं पान ७१ वर. तोवर बालपण, शाळा, आईचा दवाखाना आणि दोन गाण्यांचं एक प्रेमप्रकरण.

‘तुम्हीच लिहून टाका ना,’ असं निर्माते मला सर्रास म्हणतात. मी स्टोरी एडिटर, दुसऱ्याची पटकथा त्याच्याकडूनच नीट करून घेणारी; मी ते करायचं नसतं. विचारायचं, आणि मग गप्प बसायचं; दुसरं जास्त अवघड.

प्रत्येक सीनचं एक कार्ड करून आम्ही फरशीवर मांडलं. या सीनमध्ये कोणाला काय हवंय, शेवटी काय बदललं? ज्यात काहीच बदलत नाही ते कार्ड पालथं. शाळा पालथी पडली, बालपण जवळजवळ सगळं. दवाखान्याचं कार्ड मात्र त्याने हातातच धरलं.

“ताई, हा सीन नाही काढत मी.”

“नको काढू. बापाने कर्ज कशाला घेतलं होतं?”

“मायच्या ऑपरेशनसाठीच ना...”

पुढे बोलेना. मीही बोलले नाही. खाली भाजीवाला ओरडून गेला.

“म्हणजे रात्री पैसे घेऊन सावकार सोता दवाखान्यात आला असन. बडग्याले तोंड त्याचं द्याचं, अन् त्यानंच तं मायले वाचवलं!”

सावकाराला खलनायक करून ठेवलं होतं, तो तिथे माणूस झाला. दवाखाना पान ८ वर आला, बडग्याचं काम १४ वर.

“मंग बाप तोंड बनवते का नाही?” त्याने मलाच विचारलं.

“ते तू लिहून आण.”

नवा खर्डा १२१ पानांचा आला. बापाने काय केलं ते इथे सांगत नाही, सिनेमा व्हायचाय. प्रेमप्रकरणातलं एक गाणं अजून तसंच आहे. त्यावर पुढच्या बैठकीत भांडण ठरलेलं.