मामांची पाल्मेइरासची गोष्ट

खडकीतल्या आमच्या क्रीडा मंडळाचं संमेलन दरवर्षी २६ जानेवारीला असतं. सकाळी झेंडावंदन, मग मोठे विरुद्ध पोरं अशी फुटबॉलची मॅच, दुपारी पुरी-भाजी आणि बुंदी, संध्याकाळी बक्षिसं. पाहुण्यांची भाषणं विसरलो. मामांची गोष्ट मात्र पाठ आहे. अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले मामा बक्षिसांच्या आधी माइक घ्यायचे आणि कुठल्या तरी दूरच्या क्लबचा जन्म कसा झाला ते सांगायचे. कधी ग्लासगोच्या गरीब आयरिश मुलांना जेवण मिळावं म्हणून १८८७ साली निघालेला सेल्टिक, कधी माँटेव्हिडिओतल्या ब्रिटिश रेल्वेवाल्यांनी १८९१ साली सुरू केलेला, पुढे पेन्यारोल झालेला क्लब.

आम्ही हट्टानं मागायचो ती ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरातल्या पाल्मेइरास या क्लबची. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी संपली. कॉफीच्या मळ्यांवर राबायला जहाजं भरभरून इटालियन माणसं आली, त्यातली कितीतरी पुढे साओ पाउलोच्या कारखान्यांत शिरली. १९१४ साली इटलीतले तोरिनो आणि प्रो वेर्चेल्ली हे संघ तिकडे खेळायला आले. त्यांना पाहून या लोकांना वाटलं, आपलाही एक संघ हवा. ‘फानफुला’ या तिथल्या इटालियन वर्तमानपत्रातून हाक दिली गेली आणि २६ ऑगस्टला ‘पालेस्त्रा इतालिया’ उभा राहिला.

इथे मामा थांबायचे. "बोला रे, आपल्यातलं मूळ खडकीचं कोण?" हात फारसे वर जायचेच नाहीत. कुणाचे आजोबा साताऱ्याकडचे, कुणाचे बीदरचे, गोलकीपर अण्णांचं घर वेल्लोरचं. त्या एका प्रश्नानं साओ पाउलो आमच्या गल्लीत यायचं.

मग १९४२. महायुद्धात ब्राझील इटलीच्या विरुद्ध उतरला आणि शत्रुदेशांची नावं क्लबांना ठेवता येईनात. आधी ‘इतालिया’ गेलं, सप्टेंबरात ‘पालेस्त्रा’ही गेलं आणि क्लबचं नाव ‘पाल्मेइरास’ झालं. इटलीच्या झेंड्यातल्या तीन रंगांपैकी लाल सोडावा लागला, हिरवा-पांढरा उरला. तिथेच जन्मलेल्या पोरांनाही परकं ठरवलं जावं, हे मला अजून बोचतं. २० सप्टेंबरला पाकाएम्बू मैदानावर नव्या नावाचा पहिला सामना, समोर साओ पाउलो एफसी. कॅप्टन अदाल्बेर्तो मेंदेस या लष्करी अधिकाऱ्यासोबत खेळाडू ब्राझीलचा झेंडा धरून आत आले. ३-१ अशी आघाडी असताना पाल्मेइरासला पेनल्टी मिळाली, समोरचा संघ मैदान सोडून गेला आणि विजेतेपद पाल्मेइरासकडे आलं. झेंड्याच्या जागी मामांचा आवाज दरवर्षी जड व्हायचा. आमचीही छाती भरून यायची.

मामा गेल्यापासून गोष्ट अण्णा सांगतात, तमिळ वळणाच्या मराठीत आणि तितक्याच जीव तोडून. यंदा पोरांनी पाकाएम्बूचा प्रवेश नाटुकल्यात बसवायला घेतलाय. कॅप्टन मेंदेस मामांची नात करतेय, आणि हिरव्या जर्सींसाठी मंडळानं वर्गणी काढलीय.